पंधराशेच्या हद्दीबाहेरची म्हैस

मी पुनाजी कुमरेची म्हैस बोलतेय. नाव चांदी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिकला आहे म्हणून चांदी, बाकी सगळी काळी. उजव्या कानात पितळेचा बिल्ला आहे, त्यावर सरकारी नंबर आहे. तो नंबर मला वाचता येत नाही, पण त्याचं वजन अजून जाणवतं.

लोकांना वाटतं, म्हशीला लाज नसते. आम्ही चिखलात बसतो, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतो, ट्रकवाल्यानं कितीही भोंगा वाजवला तरी हलत नाही, म्हणून तसं वाटत असेल. पण गेली सहा वर्षं मी एका गोष्टीची लाज बाळगून आहे. ती कुणाला सांगितली नव्हती. आता वय झालं, दात झिजले, म्हणून सांगते.

माझा जन्म सिंदीचा. रेल्वे फाटकापलीकडे एका गवळ्याचा गोठा होता, तिथला. मालगाडी गेली की गव्हाणीतलं पाणी थरथरायचं. तिथून मला अल्लीपूरच्या एका शेतकऱ्यानं घेतलं. त्याच्या घरी दोन वेतं झाली. माणूस वाईट नव्हता, पण सरकीची ढेप मोजून द्यायचा आणि दूध मोजून न्यायचा, त्यापलीकडे त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नाही. त्याची मुलं वेगळी झाली तेव्हा गोठाही वाटला गेला, आणि मी बाजारात आले. पायाशी महिन्याभराचं रेडकू होतं.

ते एक्क्याऐंशी साल होतं. त्या बाजारात सरकारची योजना होती. गरीब घरांना दुभती जनावरं द्यायची, अर्धी किंमत सरकारची, अर्धी बँकेच्या कर्जाची. बँकेचे साहेब होते, ढोरांचे डॉक्टर होते, ग्रामसेवक हातात यादी घेऊन उभे होते. डॉक्टरांनी माझं तोंड उघडून दात पाहिले, कास दाबून पाहिली आणि कानात बिल्ला ठोकला. मग नाव पुकारलं, "पुनाजी कुमरे!"

कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा रांगेतला एक बारीक माणूस म्हणाला, "मीच हाय जी पुनाजी. मले वाटलं, दुसरा कोणी असन."

त्यानं माझा दोर दोन्ही हातांनी धरला. बाकीच्यांनी एका हातानं धरला होता.

सेलूकडे यायला आम्हाला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडकाचे पाय भरून आले, तर पुनाजीनं त्याला मानेवर घेतलं. त्याच्या छातीवर पुढून रेडकाचे खूर लटकत होते, आणि मी मागून चालत होते. तेव्हाच मला वाटलं, आपण बऱ्या घरी चाललो.

घर म्हणजे सेलूपासून चार कोसांवर, जंगलाच्या कडेला दहा-बारा घरांचा टोला. पुनाजी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचा, त्याची बायको बायजाही जायची. बायजानं माझ्या खुरांवर पाणी घातलं, कपाळावर कुंकू लावलं. टोल्यातली सगळी पोरं माझ्याभोवती धावत आली. एकच मुलगी उंबऱ्यावर बसून राहिली.

शेजारणीनं विचारलं, "शकू काऊन नाई येऊन राह्यली?"

"तिले पळाचं नाई," बायजा म्हणाली. "डाक्टरनं सांगतलं."

शकू अकरा वर्षांची होती. आदल्या वर्षी तिला ताप आला होता, गुडघे सुजले होते. सेलूच्या रस्त्याला एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथं नेलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि सांगितलं की हृदयाची झडप दुखावली आहे. दर एकवीस दिवसांनी एक सुई टोचायची, वर्षानुवर्षं, चुकवायची नाही. सुई चुकली तर ताप परत येईल आणि झडप अजून बिघडेल. दवाखान्यात गरिबांना पिवळं कार्ड मिळायचं. कार्ड असलं की सुई फुकट, खाट फुकट, दोन वेळचं जेवणही. पुनाजीकडे तसं कार्ड होतं. दर एकवीस दिवसांनी तो शकूला घेऊन जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्या संध्याकाळी शकू लंगडत चालायची. सुई फार दुखायची म्हणे.

थंडीत माझं रेडकू मेलं. कशानं मेलं ते कळलं नाही. सकाळी उठलं नाही, एवढंच. मी दूध सोडणं बंद केलं. बायजा बसली, पुनाजी बसला, मी लाथ मारली. तिसऱ्या दिवशी शकू भांडं घेऊन आली. तिनं ओढलं नाही, दामटलं नाही. माझ्या कुशीला कपाळ टेकवून बसली आणि हळूहळू काहीतरी म्हणत राहिली. ते मराठी नव्हतं. त्यांच्या आजीची गोंडी होती, घरात आता ती फक्त बायजाच बोलायची आणि थोडीफार शकू. मला शब्द कळले नाहीत. पण तिच्या छातीचे ठोके माझ्या कातडीला लागत होते. ठोका, आणि त्याच्यामागून एक फुसकारा, जणू कुठल्या फटीतून वारा निघतोय. मला पान्हा फुटला.

त्या दिवसापासून मी दूध दिलं ते फक्त शकूच्या हाताला.

पुढचे महिने बरे गेले. दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर दूध निघायचं. पुनाजी ते सडकेवरच्या चहाच्या टपरीवर घालायचा. घरावर पत्र्याच्या दोन टिना आल्या. शकूला नवी चप्पल आली. बायजा सणाला गेली तर लोक तिला विचारायचे, "म्हैस कशी हाय?" आणि बायजाची मान जराशी ताठ व्हायची.

त्या ताठ मानेनंच घात केला, असं मी म्हणणार नाही. सुख बोलून दाखवावंसं वाटतं, त्यात तिचा काय गुन्हा? पण झालं ते असं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाठी टोल्यात आला. कार्ड दरवर्षी नवं करावं लागायचं आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागायचा. पुनाजी कामावर गेला होता. तलाठ्यानं गोठ्याकडे पाहिलं.

"म्हैस कोणाची?"

"आमचीच हाय!" बायजा म्हणाली. शेजारणी ऐकत होत्या.

"किती देते?"

"पाच लिटर देते जी. बारा महिने."

तीन देत होते मी, आणि तेही बारा महिने नाही. तलाठ्यानं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी पुनाजी दवाखान्यातून परत आला तो सरळ गोठ्यात येऊन बसला. बायजा पाणी घेऊन आली.

"भैयाजीनं कागद वापस केला," तो म्हणाला. भैयाजी म्हणजे दवाखान्यातले कार्डांचे बाबू. "म्हणे, हद्द पंधराशेची हाय. आपण पंधराशेच्या वर गेलो."

"कोठी गेलो वर?" बायजा म्हणाली. "आपण तं इथंच हाओ."

"मजुरीचे तेराशे धरले. म्हशीचे अठराशे. एकतीसशे झाले वर्षाचे."

बायजाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती म्हणाली, "मंग त्याइले सांगा ना, तीनच लिटर देते म्हणून."

"सांगतलं. म्हणे, दाखल्यावर सही-शिक्का हाय, मी कसा बदलू? आणि तीन धरले तरी वरच जाते म्हणे."

बायजानं त्याला पाच लिटरची गोष्ट त्या दिवशी सांगितली नाही. मला मात्र ती संध्याकाळी ढेप टाकायला आली तेव्हा कुणी नसताना म्हणाली, "माहं तोंड जळो."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मलाही तसंच वाटत होतं. सरकारनं मला या घरात गरिबी घालवायला आणलं होतं. मी गरिबी घालवली नाही, फक्त गरिबीचा कागद घालवला.

कार्डाशिवाय सुईला बारा रुपये पडायचे आणि दोघांचं एसटीचं भाडं वेगळं. पुनाजीची रोजी पाच रुपये. तीन वेळा त्यानं नेलं. चौथ्या वेळी पेरणी चालू होती, सुट्टी मिळाली नाही. नंतर पैसे जमले नाहीत. मग एका सकाळी शकूच म्हणाली, "मले आता बरं हाय बाबा. सुई नोको. गंज दुखते."

ती खोटं बोलत होती. मला माहीत होतं, कारण रोज तिचं कपाळ माझ्या कुशीला टेकायचं आणि तो फुसकारा मोठा होत चालला होता. दूध काढताना ती मधे थांबून दम घ्यायची. हे मला एकटीलाच ठाऊक होतं आणि माझ्याकडे सांगायला तोंड नव्हतं. पुनाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पाहू मंग पुढच्या महिन्यात." असे चार महिने गेले.

पोळा होऊन महिना झाला तेव्हा शकूला ताप चढला. गुडघे फुगले, रात्रभर तिला आडवं होता येईना. उजाडल्याबरोबर पुनाजीनं शेतमालकाची बैलगाडी मागून आणली आणि तिला घेऊन गेला. बायजा सोबत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कार्ड विचारलं नाही, आधी तिला खाटेवर घेतलं, हे मी पुनाजीच्या तोंडून ऐकलं. पण खाटेचे रोज पैसे चढत होते. भैयाजींनी सांगितलं होतं की उत्पन्न कमी झालं असेल तर ट्रस्टच्या कमिटीपुढे अर्ज द्या, गुरुवारी बैठक असते, त्यांनी मान्य केलं तर सगळं माफ होईल.

इकडे घरी मला पिळायला कुणी नव्हतं. पुनाजी यायचा, माझ्या पायाशी बसायचा, दोन-चार वेळा ओढायचा आणि उठायचा. माझ्या कासेत दूध होतं. दिवसेंदिवस कमी होत होतं, पण होतं. मी ते सोडलं नाही. मला शकू हवी होती. जनावराचा हट्ट म्हणा. बारा दिवस असे गेले आणि पुनाजीनं मनाशी ठरवलं की म्हैस आटली.

हे नीट लक्षात घ्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटलं की मी आटले. म्हशीचे अठराशे गेले, राहिले तेराशे, म्हणजे आपण परत हद्दीच्या आत.

शेजारच्यांना तो म्हणाला, "कागदावर कोण भरोसा ठेवते? म्हैसच नेतो. पाहून घेतीन."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. चार कोस डांबरी सडक. ऑक्टोबरचं ऊन होतं. वाटेत सायकलवाले हसत होते. एकानं ओरडून विचारलं, "काय पुनाजी, म्हशीले भरती करता का?" पुनाजीही हसला. त्या दिवशी त्याला हसता येत होतं.

दवाखान्याच्या अंगणात मोठा कडुनिंब आहे. समोर पडवीत खुर्च्या मांडून कमिटी बसली होती. मधे अण्णाजी बसले होते. हे ट्रस्टचे अध्यक्ष, सिंदीचे कापसाचे व्यापारी. पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्यांच्या बाजूला टेबलावर रजिस्टर उघडून भैयाजी. दाराशी मोठ्या नर्सबाई, सुमित्राबाई, उभ्या होत्या.

"हे काय हो?" अण्णाजी म्हणाले. "ढोरांचा दवाखाना तिकडे हाय."

सगळे हसले. पुनाजी हात जोडून पुढे झाला.

"मालूम हाय जी. पोट्टी इथं भरती हाय माही, शकू. कागदावर या म्हशीचे अठराशे लिहिले हायत. हे आटली जी. बारा दिवस झाले, एक थेंब नाई. तुमीच काढून पाहा."

अण्णाजींना गंमत वाटली की दया आली, कोण जाणे. त्यांनी बागेतल्या माळ्याला बोलावलं. माळी खाली बसला, त्यानं चारही सड ओढून पाहिले. मी आवळून धरलं. काही आलं नाही.

"खरं हाय याचं," माळी म्हणाला.

अण्णाजींनी मान हलवली. "लिहा भैयाजी. म्हैस भाकड हाय. तेराशेच धरा."

भैयाजींनी पेनाचं टोपण काढलं.

आणि मला वास आला. औषधांच्या, फिनेलच्या वासातून शकूचा वास. मी हंबरले. का हंबरले मी? तोंड मिटून उभी राहिले असते तर पाच मिनिटांत सगळं पार पडलं असतं. पण मी हंबरले, आणि आत खाटेवर तिनं माझा आवाज ओळखला.

भिंतीला धरून धरून ती दारात आली. पायात काही नव्हतं. सुमित्राबाई ओरडल्या, "अगं शकू, उठायचं नाही सांगितलं ना!" तोवर ती पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली होती. तिनं माझ्या कुशीला कपाळ टेकवलं आणि गोंडीतले ते शब्द म्हणाली.

मी आवळून धरण्याचा खूप प्रयत्न केला. शप्पथ सांगते, केला. पण ते आमच्या हातात नसतं. आधी एक थेंब पडला, मग दुसरा, मग चारही सडांतून दूध गळायला लागलं. अंगणातल्या धुळीत त्याचा आवाज होत होता. कुणीच बोलत नव्हतं, म्हणून तो फार मोठा वाटला.

शकूनं खाली पाहिलं आणि टाळी वाजवली. "बाबा, पाहा! चांदीले दूध आलं! माहीच वाट पाहून राह्यली होती ते!"

कित्येक दिवसांनी ती हसली असेल. तिच्याबरोबर कुणी हसलं नाही.

अण्णाजी खुर्चीवरून उठले. "पुनाजी, पोट्टीची बिमारी पुढे करून आमाले बनवता?"

"जी... मले..." एवढंच पुनाजी म्हणाला. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं हातात घेतला आणि पिळत राहिला, जणू तो ओला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शकूकडेही पाहिलं नाही.

सुमित्राबाई आत गेल्या आणि वॉर्डातलं मोजायचं भांडं घेऊन आल्या. शकूच्या हातात देऊन म्हणाल्या, "काढ बाळा, आहे तेवढं काढ." शकूनं काढलं. बाईंनी ते भांडं अण्णाजींसमोर टेबलावर ठेवलं.

"बघा. सांडलेलं धरून अर्धा लिटर होईल. बारा दिवसांचं. एवढ्यावर कोणी श्रीमंत होतं का?"

"बाई, गोष्ट दुधाची नाई," अण्णाजी म्हणाले. "गोष्ट खोट्याची हाय. आणि पंधराशेची हद्द मी एकट्यानं मोडू नाई शकत."

भैयाजींनी लिहिलं. काय लिहिलं ते त्या दिवशी कळलं नाही.

परतीच्या वाटेवर पुनाजीनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. नाल्यावर त्यानं मला पाणी पाजलं, स्वतः प्यायला नाही. टोल्यात शिरल्यावर शेजाऱ्यानं विचारलं, "झालं का काम?" तो "नाई" म्हणाला आणि आत गेला.

मला विकून खाटेचे पैसे भरावे, असं त्याच्या मनात आलं होतं. पण कानात बिल्ला होता. बँकेच्या कागदाशिवाय मला विकता येत नव्हतं. म्हणजे हिशेबात मी मालमत्ता होते आणि गरजेला मालमत्ता नव्हते. शेवटी सुमित्राबाईंनी मधे पडून ठरवलं की पुनाजीनं दवाखान्याच्या बागेचा बांध घालायचा आणि त्या मजुरीत बिल फेडायचं. पस्तीस दिवस तो पहाटे जाऊन अंधार पडता परत येत होता. शकू पंधरवड्यानं घरी आली, ती खाटेवरच. बायजानं तेव्हा त्याला पाच लिटरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "जाऊ दे. तू खरं बोलली असती तरी तेच झालं असतं." ती रडत राहिली.

माघात एका रविवारी सकाळी टोल्यात सायकल आली. भैयाजी उतरले. पुनाजी मला चाऱ्याला कुटार टाकत होता. तो हातातली टोपली खाली ठेवून उभा राहिला, पण बसा म्हणाला नाही.

भैयाजीच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांनी बाजूला ठेवलं.

"हद्द बदलली पुनाजी. आता पस्तीसशे केली. तुमचे एकतीसशे असले तरी आत बसता तुमी. म्हैस दूध देवो नाई तं न देवो."

पुनाजीनं टोपली परत उचलली.

"तुमी बांधावर कुदळ मारत होते ना," भैयाजी म्हणाले, "ते माह्या खिडकीखालीच. पस्तीस दिवस मी आयकत होतो. तुमी एकदाही वर पाहिलं नाई. मंग मी जुनी रजिस्टरं काढली. पंधराशेची हद्द एकाहत्तर साली ठरली. तेव्हा गड्याले दोन रुपये रोजी होती. आणि ठरावात लिहिलं हाय, कोणताही मजूर सवलतीतून सुटू नये म्हणून ही हद्द. सुटू नये म्हणून! त्यानंतर कोणी तिकडे पाहिलंच नाई. मी दरवर्षी तोच आकडा नव्या कागदावर उतरवत गेलो. अकरा वर्षं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सुमित्राबाईनं आणि मी मिळून तो ठराव बैठकीत ठेवला. खाली सही अण्णाजीचीच होती. त्याइनंच मांडला होता. त्याइनं दोनदा वाचला. म्हणे, हे माह्याच हातचं हाय आणि मीच इसरलो. बाईनं मंग म्हैस योजनेचा कागद दाखवला. सरकार पस्तीसशेच्या आतल्याले गरीब म्हणते आणि म्हैस देते, आणि आपण त्याच म्हशीपायी त्याले गरीब नाई म्हणतो. त्याच दिवशी हद्द वाढवली."

"बरं झालं जी," पुनाजी म्हणाला. "लोकाइचं भलं होईन."

"पुनाजी, आणखी एक गोष्ट हाय." भैयाजींचा आवाज खाली गेला. "त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, अर्जदार खोटे बोलतो. मले कोणी लिहाले नाई सांगतलं. मीच लिहिलं. आता त्याच्यावर मी रेघ मारली हाय. पान फाडता येत नाई, पानावर नंबर असते."

"रेघेखालून वाचता येते का?" पुनाजीनं विचारलं.

भैयाजींनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. मग म्हणाले, "येते."

बायजानं चहा आणला. शकूनं काढलेलं माझंच दूध होतं त्यात. भैयाजींनी कप हातात धरला आणि न पिता खाली ठेवला. ते सायकलवर बसले तेव्हा कार्ड उंबऱ्यावरच होतं. पुनाजीनं ते उचललं, पण भैयाजी दिसेनासे झाल्यावर.

सुया परत सुरू झाल्या. आज अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे, त्या माघापासून एकही चुकलेली नाही. पण डॉक्टरांनी बायजाला स्पष्टच सांगितलं की सुई पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. आधी झडप थोडी गळत होती. त्या चार महिन्यांनंतर खूप गळते. शकू आता अठरा वर्षांची आहे. विहिरीवरून घागर आणू शकत नाही. टोल्याबाहेरची टेकडी तिनं सहा वर्षांत चढलेली नाही. तिच्या बरोबरीच्या मुली सासरी गेल्या. ती सातवी शिकली आहे, म्हणून आसपासची माणसं तिच्याकडे फॉर्म भरायला येतात. शेळ्या किती, कोंबड्या किती, ते ती सगळं खरं लिहिते. कुणी म्हणालं की लपवून टाक, तर ती म्हणते, "लपवू नोका. हद्द कमी असन तं ते वाढवा म्हणून अर्ज लिहून देतो." असे दोन अर्ज तिनं दवाखान्याला पाठवले. भैयाजी निवृत्त व्हायच्या आधी एक ठराव करून गेले म्हणे, आता दर दोन वर्षांनी ती हद्द काढून बघतात.

मी आता खरोखर आटले. बँकेचे हप्ते कधीच संपले, मला विकायला कुणी अडवत नाही, तरी मी इथंच आहे.

तुम्ही शिकलेली माणसं आहात. कुठे तरी खुर्चीवर बसून कुणाच्या घरातली म्हैस, शेळी, सायकल लिहून घेत असाल. लिहा, लिहावं लागतं. पण ज्या आकड्याशी ताडून पाहता, तो आकडा कधीचा आहे एवढं एकदा पाहत जा. आणि माणसाबद्दल खोटारडा असा शब्द लिहायचा झाला तर हात जरा थांबवा. त्या दिवशी तिथं फसवलं असेल तर मी फसवलं होतं. त्यानं नाही.

कारण पुनाजीचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. चार बाजार पाहिलेला, चार माणसांत उठबस करणारा माणूस तो. त्याच्या तोंडी पूर्वी कधी नसलेला एक शब्द आता बसला आहे. एसटीत कंडक्टरला सुटे देताना तो म्हणतो, "एवढेच हाय जी, खोटं नाई सांगत." ढोरांच्या डॉक्टरला माझं वय सांगताना म्हणतो, "चवदा असन जी, खोटं नाई सांगत." कुणी विचारलेलं नसतं. कुणाला शंका आलेली नसते. तरी म्हणतो.

परवा संध्याकाळी तो गोठ्यात आला. टोपली रिकामी होती. माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"कुटार संपलं चांदी. उद्या आणतो," तो म्हणाला. जरा थांबला. मग मला, म्हशीला, म्हणाला, "खोटं नाई सांगत."